आठ, दोन, आठ : ओव्हर देता-घेता शिकलेलं

सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. आमच्याकडच्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत या तीन वेळांना वॉर्डातली माणसं बदलतात. मॉर्निंगची सिस्टर इव्हिनिंगवालीला, इव्हिनिंगची नाइटवालीला आणि नाइटची पुन्हा मॉर्निंगवालीला ओव्हर देते. पाच दिवस दाखल असलेला पेशंट असा पंधरा वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. ऑपरेशन कोण करणार, मोठे डॉक्टर राउंडला कधी येणार, हे नातेवाईक दहादा विचारतात. या पंधरा वेळांबद्दल कुणी विचारत नाही.

छत्रपती संभाजीनगरात या गोष्टीचं मोल अधिकच आहे. १९५६ साली सुरू झालेलं इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय, म्हणजे सगळ्यांची ‘घाटी’, ११७७ मंजूर खाटांचं आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाण्यापर्यंतचे पेशंट तिथे येतात. शहरातली खासगी आणि धर्मादाय रुग्णालयंही साऱ्या मराठवाड्याचा भार उचलतात. सिल्लोड किंवा कन्नडच्या रुग्णालयातून १०८ च्या गाडीत, गाडीतून अपघात विभागात, तिथून वॉर्डात, वॉर्डातून थिएटरला, थिएटरमधून आयसीयूत. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सांगतं आणि कुणीतरी ऐकतं. त्या सांगण्या-ऐकण्यात जे गळतं, ते शेवटी पेशंटच्या अंगावर येतं.

याच शहरातल्या वॉर्डांत मी स्टाफ नर्स म्हणून लागले, पुढे इन्चार्ज झाले, नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. ओव्हर देता-घेता जे उमगलं, ते नव्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी लिहून ठेवते आहे.

१. ओव्हर येणारीसाठी असते

आपण ओव्हर देतो तेव्हा बहुतेक वेळा आपण काय काय केलं ते सांगतो. ड्रेसिंग झालं, रक्त पाठवलं, एक्स-रे करून आणला, दोन डिस्चार्ज काढले. सहा तास उभ्याने काम केलेल्या माणसाला आपलं काम कुणीतरी मोजावं असं वाटणारच. पण समोर उभ्या असलेल्या सिस्टरला पुढचे सहा किंवा बारा तास काढायचे असतात. तिचे प्रश्न तीन असतात. काय उरलंय? काय बिघडू शकतं? बिघडलं तर मी काय करायचं?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर ओव्हर झाली. मिळाली नाहीत, तर दहा मिनिटं बोलूनही ओव्हर व्हायची राहिली.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये एक पूर्ण प्रकरण याच गोष्टीला दिलं आहे. आपण हजर असताना जे करतो, ते आपण नसतानाही होत राहील अशी व्यवस्था लावता आली नाही, तर उत्तम सेवेचं फळही वाया जातं, असं त्यांचं सांगणं आहे. तेव्हा ना मॉनिटर होते ना इन्फ्युजन पंप, पण अडचण हीच होती. चांगली नर्स ती, जिची काळजी तिच्यामागेही वॉर्डात चालू राहते.

२. सांगण्याचा क्रम ठरलेला हवा

ओव्हरला ठरलेला क्रम नसेल तर जे आठवेल ते सांगितलं जातं, आणि दमलेल्या माणसाला नेमकं महत्त्वाचं आठवत नाही. म्हणून जगभर एक साधी चौकट वापरतात, ‘एसबार’. तिचं मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधल्या संदेशपद्धतीत आहे. या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयासाठी घडवली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यांतला एक ओव्हरच्या वेळच्या संवादाबद्दल आहे आणि त्यात एसबारची शिफारस आहे.

आपल्या भाषेत ती चौकट अशी : आत्ता काय चाललंय, मागे काय घडलं, मला काय वाटतं, पुढे काय करायला हवं.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. कपाशीच्या पट्ट्यातल्या कोणत्याही मेडिसिन वॉर्डात कीटकनाशकाच्या विषबाधेचा पेशंट असतोच. त्याची ओव्हर बहुधा अशी होते : “चौदा नंबर पॉयझनिंग, अ‍ॅट्रोपिन चालू आहे, आता बरा आहे.”

तीच ओव्हर चौकटीत बसवली की अशी होते.

आत्ता : “बेड चौदा, विषबाधा, दाखल होऊन तीस तास झाले. शुद्धीवर आहे. पल्स ११०, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९६.”

मागे : “फवारणीचं ऑर्गनोफॉस्फरस औषध पोटात गेलं होतं. पोट धुतलंय. अ‍ॅट्रोपिनची ड्रिप बारा वाजता कमी केली. एमएलसी आहे.”

मला वाटतं : “छाती मोकळी आहे, लाळ आणि घाम थांबलाय. पण दुपारपासून मान उचलायला जड जातंय. दीड वाजता डॉक्टरांना दाखवलंय.”

पुढे : “दर तासाला मान उशीवरून उचलायला सांगा आणि श्वास मोजा. मान उचलता आली नाही किंवा श्वास उथळ वाटला, तर वाट न बघता रेसिडेंटना बोलवा. आयसीयूला कल्पना दिलेली आहे.”

या विषबाधेत साधारण चोवीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान, पेशंट सुधारल्यासारखा दिसत असतानाच, मानेचे आणि मग श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. मान उचलता न येणं ही त्याची पहिली खूण. “आता बरा आहे” या वाक्याखाली ती खूण झाकली जाते. चौकटीतला तिसरा प्रश्न, ‘मला काय वाटतं’, ती वर काढतो. नर्सला काय वाटतं हे विचारणारी जागा त्या चौकटीत मुद्दाम ठेवलेली आहे. ती रिकामी सोडायची नाही.

३. आधी गंभीर पेशंट, मग खाटांचा क्रम

बेड एकपासून सुरुवात करून तिसाव्या बेडपर्यंत जाण्याची सवय सगळीकडे आहे. त्यात होतं असं की बेड दोनवरच्या, उद्या घरी जाणाऱ्या पेशंटला दोन मिनिटं मिळतात आणि बेड सव्वीसची वेळ येईपर्यंत दोघींचंही लक्ष उडालेलं असतं. त्या सव्वीसवर रक्ताच्या उलट्या होणारा माणूस असू शकतो.

म्हणून आधी स्टेशनवर एका वाक्यात नावं घ्यायची : “आज चार जणांची काळजी आहे. सहा, चौदा, सव्वीस आणि खाली गादीवरची आजी.” मग आधी त्या चौघांकडे जायचं. बाकीचे त्यानंतर.

‘आय-पास’ नावाच्या पद्धतीत हाच पहिला टप्पा आहे : पेशंट किती गंभीर आहे ते आधी सांगा. तिचा अभ्यास नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. नऊ रुग्णालयांतल्या बालरोग विभागांत, १०,७४० दाखल रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. तो अभ्यास निवासी डॉक्टरांच्या ओव्हरचा होता, पण त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक नर्सला सांगते : ओव्हरला लागणारा वेळ त्यात फारसा वाढला नाही. “आम्हाला एवढा वेळ कुठे आहे?” हा आक्षेप मी कायम ऐकत आले. वेळ तोच राहतो, तो योग्य खाटेपाशी खर्च होतो.

४. ओव्हर खाटेपाशी द्यावी

स्टेशनवर बसून दिलेली ओव्हर कागदाची असते. खाटेपाशी गेलं की पेशंट दिसतो. सलाईन संपत आलेलं दिसतं, सुई लावलेला हात सुजलेला दिसतो, लघवीच्या पिशवीतला रंग दिसतो, ड्रेन भरलेला दिसतो. हे सगळं दोघींनी एकाच वेळी पाहिलं की “माझ्या वेळी तर ठीक होतं” हा वाद उरत नाही.

मी मुलींना डोक्यापासून पायापर्यंत जायला शिकवते. चेहरा आणि श्वास, मग जेवढ्या नळ्या आहेत त्या एकेक हात लावून, मग पाठ आणि टाचा. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कूस बदलून पाठ दाखवल्याशिवाय मी ओव्हर घेत नसे. बेडसोर एका दिवसात खोल होत नाही. तो पहिल्यांदा लालसर होतो, आणि ती लाली ड्यूटी बदलताना दिसली पाहिजे.

पेशंटची ओळखही खाटेपाशीच पक्की होते. आपल्याकडे वॉर्ड भरले की पेशंट खाली गादीवर येतात, रात्रीतून खाटा बदलतात. अशा ठिकाणी बेड नंबर ही ओळख धरता येत नाही. नाव आणि नोंदणी क्रमांक, दोन्ही बोलायचे. एकाच वॉर्डात एकाच आडनावाची आणि एकाच पहिल्या नावाची दोन माणसं असणं आपल्या भागात रोजचं आहे. अशा दोघांच्या केसपेपरवर मोठ्या अक्षरांत सूचना लिहायची आणि ती तोंडी सांगायचीही.

५. काही गोष्टी खाटेपाशी बोलायच्या नाहीत

दोन खाटांत हातभर अंतर असलेल्या वॉर्डात सगळं सगळ्यांना ऐकू जातं. एचआयव्हीचा रिपोर्ट, लग्न न झालेल्या मुलीचं गरोदरपण, विष कोणत्या कारणाने घेतलं ते, नवऱ्याने मारल्याच्या खुणा, पेशंटला अजून न सांगितलेलं कॅन्सरचं निदान. हे सगळं स्टेशनवर, हळू आवाजात, फक्त जिला गरज आहे तिला सांगायचं. खाटेपाशी “बाकीचं आत बोलू” एवढंच पुरतं.

हे साधं सौजन्य वाटेल, पण त्यावर पेशंटचा जीवही अवलंबून असतो. आपली गोष्ट शेजारच्या खाटेवर पोहोचली हे कळलेली मुलगी पुढच्या सिस्टरला खरं काही सांगत नाही.

६. “दिलं” पुरेसं नाही, कधी दिलं ते हवं

औषधाबद्दल दोन वेळा सांगायच्या : शेवटचा डोस किती वाजता गेला आणि पुढचा किती वाजता आहे. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराइड यांच्या बाबतीत तर दोघींनी मिळून चार्टवर बोट ठेवून पाहायचं.

प्रसूती विभागातलं मॅग्नेशियम सल्फेट हे याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण. गरोदरपणातले झटके आलेल्या बाईला प्रिचर्ड पद्धतीने पहिला मोठा डोस दिल्यावर दर चार तासांनी पाच ग्रॅम, एकदा उजव्या आणि एकदा डाव्या नितंबात खोल टोचतात. प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी पाहायच्या : गुडघ्याचा झटका येतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, लघवी ताशी किमान ३० मिली होते आहे का. यातली एक जरी गोष्ट नसेल तरी डोस थांबवायचा, डॉक्टरांना कळवायचं, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवं.

आता ही बाई इव्हिनिंगकडून नाइटकडे जाताना “मॅगसल्फ चालू आहे” एवढंच सांगितलं, तर नाइटवालीला यातलं काहीच कळलं नाही. “सहाला उजव्या बाजूला दिलं, पुढचं दहाला डाव्या बाजूला. सहाला गुडघ्याचा झटका येत होता, श्वास १८, चार तासांत लघवी १८० मिली. कॅल्शियम ट्रेमध्ये ठेवलंय.” एवढं बोलायला फार तर अर्धं मिनिट लागतं.

साप चावलेल्याचंही तसंच. घोणस किंवा फुरसं चावल्याची शंका असेल तर काचेच्या कोरड्या नळीत रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवून गोठतं का ते बघतात. गोठलं नाही म्हणून विषाचा उतारा दिला, तर त्यानंतर सहा तासांनी पुन्हा बघतात. ही सहा तासांची वेळ बहुतेकदा ड्यूटी बदलल्यानंतर येते. उतारा दुपारी चारला दिला असेल तर पुढची चाचणी रात्री दहाला. इव्हिनिंगने सुरू केलेलं काम नाइटने पूर्ण करायचं असतं, म्हणून ती वेळ बोलून आणि लिहून, दोन्ही रीतींनी पुढे गेली पाहिजे.

७. ऐकणारीने परत म्हणून दाखवावं

मान हलवणं म्हणजे समजणं असं धरू नये. ओव्हर घेणारीने महत्त्वाचं तेवढं आपल्या शब्दांत परत म्हणायचं : “म्हणजे चौदाची मान दर तासाला, आणि सव्वीसचं हिमोग्लोबिन रात्री अकराला बघायचं.” विमानाचा पायलट टॉवरची सूचना परत म्हणतो, तशीच ही रीत आहे. आय-पासचा शेवटचा टप्पाही हाच आहे.

आकडे तर सुटे सुटे म्हणावेत. सॅच्युरेशन एकोणऐंशी की एकोणनव्वद, हे गोंगाटात कानाला सारखं लागतं आणि पेशंटच्या दृष्टीने त्यात फार मोठं अंतर आहे. “सात-नऊ” म्हटलं की शंका राहत नाही. इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी तर डोसच्या बाबतीत फारच धोक्याचे. शहरातल्या खासगी रुग्णालयांत केरळच्या, विदर्भाच्या, मराठवाड्याच्या मुली एकत्र काम करतात. उच्चार वेगळे, वेग वेगळा. तिथे परत म्हणून दाखवणं हा संशय नाही, ती आपल्या कामाची रीत आहे, हे इन्चार्जने पहिल्या दिवशीच सांगायला हवं.

८. ओव्हरची दहा मिनिटं कुणी मोडू नयेत

रात्री आठची वेळ आठवा. भेटायला आलेली माणसं, जेवणाचे डबे, लॅबचा फोन, सलाईन संपलं म्हणून हाक मारणारा नातेवाईक, स्ट्रेचर घेऊन दारात आलेले मामा. या गर्दीत दिलेली ओव्हर तुकड्यातुकड्यांनी होते, आणि मध्ये तुटलेलं वाक्य पुन्हा जोडलं जाईलच असं नाही.

यावर उपाय ठरवून करता येतो. मावळत्या ड्यूटीतल्या एकीने ओव्हर द्यायची, दुसरीने हाकांना धावायचं. मावशी आणि मामांना सांगून ठेवायचं की जीवघेणं काही नसेल तर दहा मिनिटं थांबा. एकटीच ड्यूटीवर असेल तर इन्चार्जने किंवा सुपरवायझर सिस्टरने तेवढा वेळ उभं राहावं.

लंडनच्या ग्रेट ऑरमंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाने हृदयाच्या ऑपरेशननंतर बाळाला आयसीयूत सोपवण्याची पद्धत सुधारली, तेव्हा फेरारीच्या फॉर्म्युला वन संघाचं काम कसं चालतं ते पाहिलं. २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून घेण्यासारखं एवढंच : आधी यंत्रं आणि नळ्या जोडून घ्याव्यात, मग एकानेच बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं, प्रश्न त्यानंतर. याला पैसा लागत नाही.

९. वस्तूंची ओव्हर पेशंटनंतर

डीडीए कपाटाच्या किल्ल्या, मॉर्फिन आणि फेंटॅनिलच्या अ‍ॅम्प्यूल, चादरी, बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर. हरवलेल्या वस्तूचा जाब सिस्टरला द्यावा लागतो, म्हणून वस्तू मोजण्यात अनेक वॉर्डांत जीव ओतला जातो आणि पेशंटच्या वाट्याला उरलेला वेळ येतो. हा क्रम उलटा हवा.

याला अपवाद जीव वाचवणाऱ्या वस्तूंचा. ऑक्सिजन आहे का, सक्शन ओढतंय का, अंबू बॅग आणि क्रॅश कार्ट भरलेली आहे का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का. हे गंभीर पेशंटच्या ओव्हरबरोबरच पाहायचं, कारण ते त्याच्याच उपचाराचा भाग आहे. नार्कोटिक औषधं मात्र दोघींनी समोरासमोर मोजून, सही करूनच.

१०. रिपोर्ट बुकात “फेअर” लिहून काही कळत नाही

“जनरल कंडिशन फेअर, व्हायटल्स स्टेबल, मेडिसिन गिव्हन अ‍ॅज पर ऑर्डर.” हे तीन तुकडे तीस पेशंटांपुढे तीस वेळा लिहिलेले मी पाहिले आहेत. आधीच्या ड्यूटीचं पान पाहून उतरवलेलं असतं ते. त्यातून ना येणाऱ्या सिस्टरला काही कळतं, ना उद्या कोर्टात उभं राहिल्यावर नर्सचा बचाव होतो. एमएलसी केसमध्ये आपली नोंद तारीख, वेळ आणि सहीसह पुरावा म्हणून वाचली जाते, हे लक्षात ठेवून लिहावं.

चांगली नोंद छोटी असते, पण ती त्याच पेशंटची असते. “रात्री ३.१० ला श्वास २८, डॉ. ना फोन, ३.२५ ला आले, नेब्युलायझेशन दिलं, ४ ला श्वास २२.” एकच ओळ, पण वाचणाऱ्याला त्या रात्री काय झालं ते तिच्यातून कळतं. ओव्हर तोंडी द्यायची म्हणून लिहायचं सोडू नये आणि लिहिलंय म्हणून बोलायचं सोडू नये. बोलताना डोळ्यांत बघून काळजी सांगता येते. लिहिलेलं चार दिवसांनीही सापडतं.

११. नातेवाईकही ओव्हर देत असतात

आपल्या रुग्णालयांत पेशंटची निम्मी शुश्रूषा घरची माणसं करतात. भरवणं, पुसणं, लघवीची बाटली लावणं, रात्रभर जागं राहणं. आजोबांनी पाणी किती प्यायलं हे चार्टपेक्षा सुनेला जास्त माहीत असतं. “आज हे मला नावाने हाक मारत नाहीत” हे वाक्य मॉनिटरच्या आधी धोका सांगतं.

पण तीही माणसं बदलतात. मुलगा पैठणच्या गाडीने घरी जातो, पुतण्या येतो, आणि त्या दोघांत काय बोलणं झालं ते कुणालाच ठाऊक नसतं. उपाशी ठेवायचं म्हणून सांगितलेल्या पेशंटला नवा नातेवाईक प्रेमाने चहा पाजतो आणि सकाळचं ऑपरेशन पुढे जातं. म्हणून ओव्हरमध्ये एक वाक्य नातेवाईकाचं हवंच : आत्ता सोबत कोण आहे, त्याला काय सांगितलंय, कोणत्या भाषेत सांगितलं की समजतं. या शहरात दखनी बोलणारी आजी आणि वऱ्हाडी बोलणारे आजोबा शेजारी शेजारी असतात. दोघांना समजेल असं बोलणं हे नर्सिंगच आहे.

१२. विचारणाऱ्या मुलीला गप्प करू नका

नवी सिस्टर ओव्हर घेताना प्रश्न विचारते, तेव्हा थकलेली सीनियर म्हणते, “सगळं लिहिलंय त्यात.” त्या दिवशी ती मुलगी शिकते की विचारायचं नसतं. पुढे रात्री तीन वाजता शंका आली तरी ती रेसिडेंटला फोन करायला कचरते.

एसबारचा सगळ्यांत मोठा उपयोग मला इथे दिसला. चौकट हाती असली की ज्युनिअर मुलीला बोलायचं धैर्य येतं. “सर, पेशंट बरा वाटत नाहीये” याऐवजी ती म्हणते, “सर, बेड सहा, ऑपरेशनचा दुसरा दिवस, पल्स दोन तासांत ९० वरून १३० वर गेली, बीपी ९० वर आलंय, पोट ताठ आहे. मला आतून रक्तस्राव वाटतोय. तुम्ही आत्ता यायला हवं.” असा फोन ठेवून कुणी कूस बदलून झोपत नाही.

म्हणून माझी प्रत्येक इन्चार्जला विनंती आहे. ओव्हर संपताना स्वतःहून विचारा, “काही शंका?” आणि उत्तरासाठी थांबा. नर्सिंग कॉलेजांनीही ओव्हर हा विषय पाठ करायला देऊ नये. मुलींना वॉर्डात उभं करून, खऱ्या पेशंटवर, द्यायला आणि घ्यायला लावावं.

१३. ओव्हरचा वेळ ड्यूटीत धरा

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी. एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट असतील तर तिच्याकडून प्रत्येकाची अर्ध्या मिनिटाची नीट ओव्हर मागणंही अवघड आहे. त्यात ड्यूटी संपण्याची आणि सुरू होण्याची वेळ एकच असली, तर ओव्हर नर्सच्या स्वतःच्या वेळातून होते. घरी तान्हं बाळ आहे, वाळूजची शेवटची बस आहे, रात्रभर पाय दुखले आहेत. त्यातून काटलेला वेळ पुरा कसा पडणार?

प्रशासनाने दोन ड्यूट्या वीस मिनिटं एकमेकींवर येतील अशी वेळ लावावी आणि ती कामात मोजावी. प्रत्येक वॉर्डाला त्याच्या पेशंटांप्रमाणे ओव्हरचा एक छापील कागद द्यावा. प्रसूतीचा वेगळा, सर्जरीचा वेगळा, आयसीयूचा वेगळा. सुरुवातीला एकाच वॉर्डात, सगळ्यांत कठीण वॉर्डात, महिनाभर करून पाहावं. त्यात काय जमलं नाही ते तिथल्या सिस्टरांनाच विचारून कागद बदलावा. वरून आलेला फॉर्म भरला जातो. स्वतः घडवलेला वापरला जातो.

यात नर्सचंही भलं आहे. ओव्हर अर्धी राहिली की घरी गेलेली सिस्टर स्वयंपाक करता करता वॉर्डात फोन लावते : “अगं, सव्वीसचं ब्लड आलं का? आजीचा कॅथेटर बदलायचा होता, सांगायचंच राहिलं.” तिची ड्यूटी संपलेली नसते. नीट ओव्हर दिलेल्या बाईला मात्र माहीत असतं की तिची काळजी आता दुसऱ्या जाग्या माणसाने, समजून आणि परत म्हणून दाखवून, आपल्याकडे घेतली आहे. तिला झोप लागते, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती ताज्या डोळ्यांनी ओव्हर घ्यायला उभी राहते. पेशंटला हवी असते ती हीच नर्स.